बाही साडेएकवीस

धाकटीने ग्रंथपालांच्या कमरेभोवती टेप फिरवला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि ती थांबली. ग्रंथपालांनी श्वास आत ओढून धरला होता. नजर छताला लावून ते ताठ उभे होते आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या.

"सोडा," ती म्हणाली.

"काय?"

"श्वास. मला काही घाई नाही."

'काय' विचारतानाच तो सुटला होता. टेप तिच्या बोटांतून सरसर सरकला. खिडकीपाशी काजं करत बसलेल्या काकूंनी मान वर न करता हसून घेतलं.

"छत्तीस आहे," धाकटी म्हणाली. "हवी किती?"

"बत्तीस. नव्या वर्षात मी रोज धावणार आहे."

"शेवटचं कधी धावला होतात?"

ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बस सुटत होती तेव्हा."

"मिळाली?"

"नाही."

धाकटीने मापांची जाड वही पुढे ओढली. डिसेंबर लागला की तिच्या दुकानात अशी माणसं यायची. सगळ्यांना पुढच्या वर्षीच्या अंगाचे कपडे शिवून हवे असायचे. नव्याचे नऊ दिवस ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण ती आपल्यासाठी नाही असं डिसेंबरात प्रत्येकाला वाटतं. सुरुवातीची काही वर्षं धाकटी लोक सांगतील त्या मापाचं शिवून देत असे. मग ते न्यायला कुणी फिरकत नसे. गायनशिक्षिकेचा झगा, दंतवैद्यांचं जाकीट, जुळ्या भावांच्या चार विजारी, सगळं मागच्या कपाटात पडून होतं. तेव्हापासून ती वहीतल्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारू लागली. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'हवं'. दोन्हींत एका इंचापेक्षा जास्त अंतर ती ठेवू देत नसे, आणि तो एक इंच कसा गाठणार हे गिऱ्हाइकाने तिच्यासमोर उभं राहून सांगायचं, असा दुकानाचा नियमच होता.

"पस्तीस लिहिते," ती म्हणाली. "संध्याकाळी ग्रंथालयातून घरी चालत जा. धावू नका. मार्चमध्ये या, मग पुढचा इंच बघू."

"पस्तीस म्हणजे काहीच नाही हो."

"काहीच नाही, म्हणून तर होईल."

ग्रंथपाल थोडे खट्टू झाले. पण बाहेर पडल्यावर बसथांब्याकडे न वळता सरळ चालत गेले, हे काकूंनी खिडकीतून पाहिलं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," काकू दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "तुझं काय ठरलं गं नव्या वर्षाचं?"

"कपाट आवरायचं."

"ते तर मागच्या वर्षीचं."

"तेच. वापरलेलंच नाही, नवंकोरं आहे."

काकू तिच्या आईच्या वेळेपासून दुकानात काज-बटणं करत होत्या, त्यामुळे त्यांना असं बोलायचा हक्क होता. दुकानही आईचंच, वहीही आईची. दोन मुलींपैकी मोठी ती ताई आणि लहान ती धाकटी, एवढीच नावं आईच्या तोंडी असायची. पुढे सगळा रस्ता तिला धाकटी म्हणू लागला. आता ती पन्नाशी ओलांडून गेली होती आणि तिच्याहून लहान माणसंही 'धाकटीबाई' म्हणून हाक मारायची. त्यात काही गंमत आहे हे आता कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

संध्याकाळी निघताना तिने खुंटीवरचा कोट अंगात चढवला. तो त्याच कपाटातला होता, न नेलेला. एका उंचनिंच गिऱ्हाइकिणीचा. खांदे उतरलेले, बाह्या दोनदा दुमडलेल्या. चालतंय, असं ती त्याच्याबद्दल म्हणायची. थंडी लागत नाही ना, मग झालं.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला तेव्हा धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या.

"कापडाच्या दुकानात आहे," ताई म्हणाली. "कोटाचं कापड बघतेय. कुठला रंग घेऊ?"

"तुला आवडेल तो."

"तू सांग."

"हिरवा घे. गडद." टाचण्या सांभाळत तिने उत्तर दिलं, आणि फोन ठेवल्यावर मग तिला वाटलं, ताई आणि हिरवा? ताई आयुष्यभर करडं आणि निळं सोडून दुसऱ्या रंगाच्या वाटेला गेली नव्हती. पण आजारपणाने माणसाची आवडनिवड बदलते असं तिने ऐकलं होतं. आणि ताई एकटी कापडाच्या दुकानापर्यंत गेली, याचाच तिला इतका आनंद झाला की रंगाचा विचार मागे पडला.

ताईचं आजारपण वर्षभराचं होतं. उपचार ऑक्टोबरमध्ये संपले. आता मार्चमध्ये मोठी तपासणी, तोवर वाट बघायची, एवढंच हातात होतं. ताईने तीस वर्षं नकाशांच्या कचेरीत नकाशे काढले होते. तिच्या हाताची रेघ अशी की पट्टीलाच शंका यावी. त्या हातांच्या बोटांना आता औषधांमुळे सतत मुंग्या यायच्या. अंगावरचं मांस तर असं उतरलं होतं, की शेजारचे लोक 'बऱ्या दिसता' म्हणताना दुसरीकडे बघायचे.

ती दुकानात आली तेव्हा काकूंनी आपली खुर्ची पुढे सरकवली. ताई बसली नाही. पिशवीतून तिने हिरव्या कापडाची घडी काढली आणि वर एक चिठ्ठी ठेवली.

"माप लिहून आणलंय."

"अगं ताई, तू समोर उभी आहेस. मी घेते की माप."

"घे हवं तर. पण शिवायचं चिठ्ठीप्रमाणे."

धाकटीने चिठ्ठीकडे न बघता टेप गळ्यातून काढला. छातीला चौतीस भरली. जुन्या पानावर चाळीस होती, हे तिला वही न उघडताच माहीत होतं. तिने टेप खाली सरकवला. कमरेचं माप घ्यायला वाकली तेव्हा ताईचा हात तिच्या पाठीवर आला. आधी खांद्यांच्या मधे, पंजा पसरून, मग सरकत खाली कमरेपाशी. धाकटीला वाटलं, तिचा तोल जातोय.

"बसतेस का?"

"नको. बरी आहे मी."

हात तसाच राहिला, म्हणून धाकटी थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग उठून तिने चिठ्ठी उघडली. अक्षरं थरथरलेली होती. छाती एकोणचाळीस, खांदा पंधरा, आणि खाली बाकीचं.

"ताई, हे पाच इंच जास्त आहे."

"हो."

"मी कुणालाही एका इंचापुढे जाऊ देत नाही."

"ठाऊक आहे. सगळ्यांना सांगत असतेस."

"डॉक्टर काय म्हणाले वजनाचं?"

"आहे ते टिकलं तरी पुष्कळ, म्हणाले."

"मग?"

ताईने कापडावरून हात फिरवला. "तिथे एक समुपदेशक बाई आहेत. त्या म्हणाल्या, नव्या वर्षाचं काहीतरी एक ठरवा. मोठं नको, आवाक्यातलं हवं. आणि मनापासून हवं असलेलं, नुसतं यादीत लिहायचं म्हणून नको. मी ठरवलं, हा कोट व्हायला हवा."

"हे आवाक्यातलं आहे?"

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. "आहे," ती म्हणाली. "एकतीस तारखेला दुपारी घेऊन ये. जेवायलाच ये."

ती गेल्यावर धाकटी बराच वेळ कापडाची घडी उलटसुलट करत राहिली. कापड सुरेख होतं, जाड आणि मऊ.

"काय करू, काकू?"

"तिने मागितलंय ते दे."

"चिठ्ठीप्रमाणे शिवला तर तो तिच्या अंगावर लोंबेल. रोज सकाळी आरशात बघेल आणि रोज तिला कळेल, किती गेलं ते. आणि अंगाप्रमाणे शिवला तर मीच तिला सांगितल्यासारखं होईल, की ताई, तुझं गेलेलं आता परत येत नाही."

काकूंनी सुई थांबवली. "ती नकाशे काढणारी बाई आहे, धाकटे. तिला आकडे कळत नाहीत असं नाही."

"आकडे कळतात. आशा सुटत नाही."

"मग सुटावी अशी तुझी इच्छा आहे का?"

धाकटीने कापड पुन्हा घडी घालून फळीवर ठेवलं. रस्त्यावरच्या सगळ्या लोकांना ती डोळ्यात डोळे घालून सांगू शकत होती, हे होईल, हे होणार नाही. ताईच्या बाबतीत तिची जीभ रेटेना. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती कोटाची नव्हती.

चार दिवस कापड तसंच पडून होतं. पाचव्या दिवशी सकाळी ती दुकानात आली, बाह्या वर सारल्या आणि वही उघडून ताईचं पान काढलं. खरं तर ते एक पान नव्हतं, लागोपाठची अकरा पानं होती. ताईच्या चौथ्या वर्षापासूनची मापं आईच्या अक्षरात होती, पुढची धाकटीच्या. धाकटीचं पान वहीत नव्हतं. ते कधी लागलंच नव्हतं. आई ताईच्या मापाने शिवायची आणि म्हणायची, दोन वर्षांनी धाकटीलाही होईल. व्हायचंही. फक्त धाकटीचे हात आखूड, त्यामुळे बाह्या बोटांवर यायच्या. सकाळी शाळेत निघताना ताई दारात तिला उभी करायची आणि दोन्ही बाह्या आत दुमडून द्यायची, आधी डावी, मग उजवी. धाकटीला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. निदान तशी तिची समजूत होती.

तिने चिठ्ठी वहीशेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. छाती जुन्या मापापेक्षा इंचभर कमी लिहिली होती. चला, एक इंच तरी ताईने सोडला म्हणायचा. खांदा बरोबर. उंची बरोबर. बाही साडेएकवीस.

इथे तिचा खडू थांबला. वहीत बाही तेवीस होती. माणूस वाळला तरी त्याचे हात काही आखूड होत नाहीत. तिने चिठ्ठी उजेडात धरली. आकडा स्पष्ट नव्हता, पण साडेएकवीसच होता. बिचारीच्या बोटांना मुंग्या येतात, चुकून लिहिलं असेल. तीस वर्षांत जिच्या नकाशातला एक आकडा चुकला नाही, तिचा चुकला. धाकटीला ती चूक बघवेना. तिने चिठ्ठीवर काही खाडाखोड केली नाही, मात्र कापडावर तेवीसची खूण केली आणि कात्री चालवली.

कोट तिने चिठ्ठीप्रमाणेच बेतला. पण शिवून झाल्यावर आतून, अस्तरासकट, चार उभ्या चुण्या घातल्या. दोन पाठीत, एकेक बाजूला, सगळ्या कच्च्या टाक्याने, प्रत्येकीला एकच दोरा आणि शेवटी मोकळं टोक. आता कोट ताईच्या आजच्या अंगाला बसला असता. महिन्याला एक दोरा ओढायचा, की सव्वा इंच मोकळा. जमलं तर ओढायचा, नाही तर राहू द्यायचा. पाच इंचांची उडी तिने चार पायऱ्यांत तोडली होती, जशी ती सगळ्यांना तोडून द्यायची. तिला स्वतःचं कौतुकच वाटलं.

"ट्रायलला ये," तिने फोन केला.

"ट्रायल नको. एकतीसलाच आण."

"अगं, अंगावर बघायला नको का?"

"तू माप बघून शीव, धाकटे. माणूस बघू नकोस."

गिऱ्हाइकाचा कपडा शिंपिणीने स्वतःच्या अंगाला लावायचा नाही, हा आईचा नियम होता आणि धाकटीने तो कधी मोडला नव्हता. दुकानातला पुतळा बारीक अंगाचा. त्याच्यावर कोट घालून तिने चुण्या पाहिल्या, तर अगदी बेताच्या बसल्या होत्या. काकूंनी हिरव्या दोऱ्याने पाच काजं केली, आणि शेवटच्या काजाला गाठ मारताना कोटाकडे आणि मग धाकटीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. रंग छान आहे," काकू म्हणाल्या.

एकतीस तारखेला दुपारी ताईने दार स्वतः उघडलं. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. आरशाच्या कडेला एक कागद खोचलेला होता. त्यावर वर 'नवीन वर्ष' असं लिहून खाली पाच-सहा ओळी होत्या, जवळपास सगळ्या खोडलेल्या. धाकटीने पिशवी खाली ठेवली आणि न राहवून त्या वाचल्या. समुद्र बघणे, खोडलं होतं. घराला रंग, खोडलेलं. जुने नकाशे नीट लावून संग्रहालयाला देणे, खोडून वर प्रश्नचिन्ह. रोज फाटकापर्यंत चालणे, हे तसंच ठेवलेलं. आणि शेवटी नुसतंच, कोट.

"समुद्र का खोडलास?"

"पायऱ्या उतराव्या लागतात. त्या बाईंनी विचारलं, यातलं कुठलं राहिलं तर तुम्हाला खरंच टोचेल? मी प्रामाणिकपणे एकेक खोडत गेले. समुद्र मी पाहिलेला आहे." ती खुर्चीवर बसली. "दाखव."

धाकटीने कोट काढून तिच्या मांडीवर ठेवला. मग दुकानात करायची तसंच समजावायला सुरुवात केली. आतून चार दोरे आहेत, प्रत्येकाचं टोक मोकळं आहे. जानेवारीत एक, फेब्रुवारीत एक, घाई करायची नाही. नाही ओढावासा वाटला तर नाही ओढायचा, कोट आहे तसाही छानच दिसतो.

ताईने कोट उलटा केला. चुण्यांवरून तिचा अंगठा फिरला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं की आणखी काही, धाकटीला कळलं नाही.

"किती बारीक काम केलंस," ताई म्हणाली. मग तिने पहिलं टोक शोधलं. बोटांत ते धरवत नव्हतं, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिने ते बोटाभोवती गुंडाळून ओढलं आणि दोरा सळसळत बाहेर आला.

"हां, हा जानेवारीचा," धाकटी म्हणाली. "आता बस."

ताईने दुसरा ओढला.

"ताई, सगळे एकदम नको."

तिसरा निघाला. चौथ्याला वेळ लागला. धाकटीने मदतीला हात पुढे केला तो ताईने बाजूला सारला. चारही दोरे टेबलाच्या कडेला ठेवून तिने कोट झटकला. तो पूर्ण रुंद झाला.

"घाल," ती म्हणाली.

"तुला उभं राहायला लागेल त्यासाठी."

"मला नाही. तू घाल."

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

धाकटीने गिऱ्हाइकाच्या कपड्याचा नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने दुमडलेल्या बाह्यांचा तो न नेलेला कोट काढला आणि हिरवा चढवला. खांदे जिथे हवे तिथे बसले. पाठ बसली. तिने पहिलं बटण लावलं, मग दुसरं, आणि कुठेही ओढ लागली नाही की फुगा राहिला नाही. आयुष्यभर हजारो माणसांच्या अंगावर तिने हे पाहिलं होतं. आतून ते कसं लागतं हे तिला माहीत नव्हतं. तिने आरशात पाहिलं. तिथे एक बाई उभी होती, जिचं माप कुणीतरी नीट घेतलं होतं.

मग तिला पाठीवरचा तो हात आठवला. आधी खांद्यांमधे, मग कमरेपाशी, बोटं ताणलेली. ताईची वीत बरोबर आठ इंचांची होती. कचेरीत पट्टी सापडली नाही की ती वीत लावायची, हे धाकटी तिच्याच तोंडून कितीदा ऐकत आली होती.

"तू माझं माप घेत होतीस," ती म्हणाली.

"टेप धरवत नाही मला. चिठ्ठीवर अंदाजाने लिहिलं होतं, ते वितीने ताडून पाहिलं."

धाकटी आरशासमोरच उभी राहिली. वळली असती तर ताईला तिचा चेहरा दिसला असता. तिला रडू आलं होतं आणि ते आवरावं असं वाटत नव्हतं.

"माझे उतरलेले घालत आलीस जन्मभर," ताई मागून म्हणाली. "मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. यंदा पडून पडून वाटायला लागलं. बाकी खोडण्यासारखं होतं सगळं. हे खोडता येईना."

थोड्या वेळाने धाकटीने हातांनी डोळे पुसले, आणि तेव्हा दोघींनाही दिसलं. हिरव्या बाह्या तिच्या बोटांच्या पेरांवर आल्या होत्या.

ताईने कपाळाला हात लावला. "मी साडेएकवीस लिहिलं होतं."

"मला वाटलं, तू चुकलीस."

"तुझी बाही? ती मी चुकेन?" ताईला आता खरोखरच हसू येत होतं. "रोज सकाळी कोण दुमडत होतं? दीड इंच आत. अजून बोटांना आठवतं."

"मी वहीत बघून सुधारलं."

"सुधारलंस ना. बघ आता."

दोघी हसल्या. ताईला हसताना धाप लागली, म्हणून धाकटीने पाण्याचा पेला दिला. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. उद्या दुकानात मशीनवर पंधरा मिनिटांचं काम होतं. ती तसं म्हणणारच होती. तेवढ्यात ताईने एक बाही उचलून मांडीवर घेतली, टोक आत दुमडलं आणि अंगठ्याने घडी दाबून धरली. घडी सरळ आली. कडेला पडलेल्या चार दोऱ्यांतला एक तिने उचलला, आणि सुई कुठे आहे हे बघायला इकडेतिकडे पाहिलं.

धाकटी जे म्हणणार होती ते म्हणाली नाही.

"मला या दिवसांत वेळ नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावाला बारीक व्हायचंय. तूच दे करून."

"माझ्या हाताने महिने लागतील."

"लागू देत. तोवर मी दुमडून घालेन, सवय आहे." तिने आरशाच्या कडेचा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि पेन्सिल घेतली. कोट या शब्दावर तिने रेघ मारली, कारण तो झाला होता. खाली लिहिलं, डावी बाही. "कधी देशील? उगाच तारीख देऊ नकोस. होईल तीच सांग."

ताईने बोटं मिटून उघडून पाहिली. "फेब्रुवारीअखेर."

धाकटीने लिहिलं. मग खाली, उजवी बाही. "आणि ही?"

ताई भिंतीवरच्या नव्या दिनदर्शिकेकडे बघत राहिली. मार्चच्या पानावर तपासणीची तारीख लाल शाईने गोल केलेली होती, हे दोघींनाही पान न उलटता माहीत होतं. बाहेर फाटकाशी कुणीतरी कुणाला नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होतं.

"एप्रिल," ताई म्हणाली.

दुकानात कुणी असं सांगितलं असतं तर धाकटीने विचारलं असतं, कशावरून. तिने पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवलं आणि एप्रिल असं स्वच्छ अक्षरात लिहून कागद पुन्हा आरशाच्या कडेला खोचला. मग ती सुई शोधायला आतल्या खोलीत गेली.